दोन आणि तीनच्या मध्ये

“उद्या इचारणार न्हवं?”

चपला काढायच्या आधीच आप्पांनी हे विचारलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पंच्यात बांधलेली पेटी आणि स्वारी दारातच उभी.

“आधी आत तरी या,” मी म्हणालो.

“आत येतो रं. पण इचारणार का न्हाई, त्ये सांग.”

शनिवारची दुपार होती. पाच वर्षं झाली त्याला. मी जेवून आडवा झालो होतो आणि खरं सांगायचं तर उठायचाही कंटाळा आला होता. निवृत्तीनंतर माणसाला आराम मिळतो म्हणतात. मला मिळाला तो कंटाळाच.

बाळगोंडा आप्पा चौगुले सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षं तोलार होते. पोती तोलणं सोडून पंधरा वर्षं झाली तरी नखांच्या कडांचा पिवळेपणा गेला नव्हता. मी एसटीत, सांगली स्टँडवर कंट्रोलर. गाड्या पुकारणं हे माझं काम. त्यामुळे आप्पांनी मला यशवंत अशी हाक कधी मारलीच नाही, कंट्रोलरच म्हणायचे.

आमची ओळख नाण्यांमुळे झाली. मगदूम सरांनी काढलेलं नाणेसंग्राहक मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचं. आम्ही बावीस जण. आधी चहा, मग एकमेकांच्या नाण्यांना नावं ठेवणं आणि शेवटी छोटासा लिलाव. माझा आवाज तयारच होता, म्हणून पुकारायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि पंधरा वर्षं तिथंच राहिलं. पुकारणाऱ्याला दोन बंधनं होती. त्याने बोली लावायची नाही, आणि आपण स्वतः काय जमवतो हेही कुणाला सांगायचं नाही. नाहीतर लोकांना संशय येतो.

आप्पा खुर्चीत बसले आणि त्यांनी पंच्याची गाठ सोडली. ती पेटी मी पन्नासदा पाहिली होती. सागवानी, आत हिरवी मखमल आणि मखमलीत कोरलेली बारा गोल घरं. पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये, १९११ ते १९२२, एकेका सालाचं एकेक घर. अकरा घरं भरलेली. बारावं रिकामं.

“ह्ये बग,” त्या रिकाम्या घरावर बोट ठेवून आप्पा म्हणाले. “बाविसाचा. नऊ वरसं झाली ह्येच्या मागं हाय मी. आनि आता इकाय निघालाय, तर त्यो तुज्या त्या टीव्हीवर.”

“टीव्ही नाही आप्पा. मोबाईलवर असतं ते. लाईव्ह.”

“त्येच की. मंडळ पडलं बंद आनि तू झालास टीव्हीवाला.”

ते चेष्टेनेच म्हणाले, पण मला लागलं. मंडळ बंद पडलं यात माझा काही हात नव्हता. आधी वाचनालयाने खोली काढून घेतली, मग मगदूम सर गेले, मग ती साथ आली आणि दोन वर्षं कुणी कुणाच्या घरी जाईना. तोवर सगळा बाजार मोबाईलवर गेला होता. सरांची मुलगी ऋजुता, हुशार पोरगी, तिने सरांच्या नाण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर दिवे लावले, कॅमेरा लावला आणि दर रविवारी सकाळी अकरापासून नाण्यांचा लिलाव दाखवायला लागली. पुकारायला मी. चार-चार तास, दीड-दोनशे नाणी. घरी येताना माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

“मंगळवारी जायाचं हाय मला,” आप्पा म्हणाले. “पोरगा न्ह्यायला येतोय, बेंगलोरला. घराचा सौदा झाला.”

“कायमचे?”

“आता माज्या वयात कुटं जाईल त्यो कायमचाच जातो.” त्यांनी पेटीवरून हात फिरवला. “तितं मला कोन वळखतंय? कुनाला दाखवू ह्ये? पन भरलेली पेटी घेऊन गेलो, तर वाटंल, सांगलीतलं एक काम तरी पुरं करून आलो. उघड्या तोंडाची न्ह्यायची न्हाई बग ही पेटी मला.”

मी चष्मा आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा माझी बायको शालन आप्पांच्या हातात चहाचा कप देऊन त्यांना काहीतरी सांगत होती. मला बघून ती गप्प झाली.

“इचारणार न्हवं मग?” आप्पांनी पुन्हा विचारलं.

हे काय विचारणं होतं, ते सांगायला हवं. आमच्या मंडळात प्रत्येक नाण्याची बोली सुरू करण्याआधी मी विचारत असे, “कुणाचं शेवटचं घर?” ज्याच्या पेटीत फक्त तेवढंच नाणं कमी असेल, तो हात वर करायचा आणि पेटी उघडून दाखवायचा. मग बाकीचे सगळे आपले हात टेबलावर पालथे ठेवायचे. म्हणजे आमची बोली नाही. नाणं त्याला पहिल्या किमतीतच मिळायचं. वर्षातून एखाद्या वेळीच असा योग यायचा. ज्याची पेटी भरली त्याने त्याच दिवशी सगळ्यांना पेढे वाटायचे. ही पद्धत सरांनी पाडली होती आणि पंधरा वर्षांत ती एकानेही मोडली नव्हती.

“विचारीन,” मी म्हणालो.

“पंधरा हजार जमवल्यात,” आप्पा म्हणाले. “लागायचं न्हाईत म्हना. सहा हजाराला सुरू हाय न्हवं? पन असू देत. आकडं लिवाय शेजारचं पोरगं बसवतो जवळ.”

रविवारी मी दुकानात जरा लवकरच गेलो. ऋजुता रुपये मखमलीवर मांडत होती. मी तिला सांगून पाहिलं.

“तो बाविसाचा रुपया बाजूला काढता येणार नाही का गं? चौगुले आप्पांना बाहेरच्या बाहेर देऊन टाकू.”

“माझा असता तर दिला असता काका. जयसिंगपूरच्या गिऱ्हाइकाचा आहे. तो स्वतः बघत बसणार आहे घरून.”

“मग मी बोलीआधी विचारू का? शेवटचं घर कुणाचं म्हणून?”

ती हसली. सरांसारखीच हसते, आधी डोळ्यांनी. “गुरवकाका, ते बाबांचं मंडळ होतं. बावीस माणसं, एकमेकांच्या घरी जेवलेली. इथं चारशे जण बघतात. कोण सुरतेचा, कोण इंदूरचा. त्यांना काय सांगणार, हात पालथे ठेवा म्हणून?”

“सांगून तर बघू.”

“नका सांगू,” ती म्हणाली. पण तिने आवाज चढवला नाही, आणि तेवढं मला पुरलं.

अकराला सुरू झालं. समोर मोबाईल स्टँडवर, त्याच्याभोवती तो पांढरा गोल दिवा. ऋजुता एकेक नाणं कॅमेऱ्याखाली धरायची आणि मी पुकारायचो. लोक आपापल्या घरून आकडे लिहायचे, ते पडद्यावर खालून वर सरकत जायचे. समोर माणूस नाही, नुसते आकडे. स्टँडवर मी गाड्या पुकारायचो तेव्हा निदान पळणारी माणसं तरी दिसायची.

पाण्याचा पेला मी नेहमीप्रमाणे हाताला लागणार नाही असा ठेवला होता. त्यामागे एक गोष्ट आहे. नोकरीत नवा असताना एकदा मी “जतकडे जाणारी गाडी” एवढं म्हणून घोटभर पाणी प्यायलो आणि मग फलाट सांगितला. तेवढ्यात अर्धा स्टँड भलत्याच गाडीत जाऊन बसला होता. डेपो मॅनेजरने मला सगळ्यांसमोर धुतलं. तेव्हापासून पुकारा पुरा झाल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही. मंडळातही तेच. बोली थांबली की एक, दोन, आणि दोन म्हटलं की लगेच तीन; तीनला नाणं गेलं. मध्ये पाणी नाही, खोकला नाही.

साडेबाराच्या सुमाराला बाविसाचा रुपया आला. ऋजुताने तो बोटांच्या टोकांत धरून फिरवला. माझा घसा तोवर बसला होता.

“१९२२, मुंबई टाकसाळ,” मी म्हणालो. “सुरुवात सहा हजारांपासून.” ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. “कुणाचं शेवटचं घर?”

पडद्यावर क्षणभर काहीच आलं नाही. मग कुणीतरी प्रश्नचिन्ह टाकलं. कुणी हसरा चेहरा टाकला. आणि मग एक ओळ आली. ‘हजर. चौगुले सांगली. शेवटचं घर १९२२.’

शाळेत हजेरी घेतल्यासारखं ते ‘हजर’ वाचून मला भरून आलं. मी म्हणालो, “मंडळी, हे आमचे बाळगोंडा आप्पा. यांच्या पेटीत बारा घरं आहेत, अकरा भरली. नऊ वर्षं हा एक रुपया शोधतायत. आमच्या सांगलीत अशी रीत होती, की शेवटचं घर असेल तर बाकीच्यांनी हात खाली ठेवायचा.”

पडद्यावर बदाम उडायला लागले. लाल, पिवळे, ढीगभर. कुणी लिहिलं, ‘वाह काका.’ कुणी नमस्काराचे हात टाकले. मला वाटलं, जिंकलं. सहा हजारांवर आप्पांची बोली आली. मी “एक” म्हणालो.

‘सात,’ कुणीतरी लिहिलं.

“मंडळी, शेवटचं घर आहे,” मी म्हणालो.

‘आठ.’ हा दुसराच कुणी. मग आप्पांचे साडेआठ. मग नऊ. दहा. बदामही उडत होते आणि आकडेही चढत होते. एका मिनिटात माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो. ज्याला हा रुपया घेतल्याशिवाय राहवणारच नाही, असा एक माणूस मी चारशे जणांना बोटाने दाखवून दिला होता.

ऋजुताने कागदावर ‘पुढे चला’ असं लिहून तो माझ्यापुढे सरकवला. मी पुढे जात होतो. दुसरं काय करणार होतो? अकरा. बारा. एकेक जण गळत गेला आणि शेवटी दोघेच उरले. आप्पा, आणि चंदेरी राजा अशा काहीशा नावाचा कुणीतरी. त्याचे साडेचौदा आले. बऱ्याच वेळाने आप्पांचे आले. ‘पंधरा.’

त्यापुढे आप्पांकडे काही नाही, हे त्या चारशे जणांत फक्त मला माहीत होतं.

“पंधरा हजार एक,” मी म्हणालो. समोरून काही नाही. “पंधरा हजार दोन.” तरीही काही नाही.

मी उठून पेला घेतला आणि पाणी प्यायलो.

एकच घोट. पेला खाली ठेवला तेव्हा पडद्यावर ‘साडेपंधरा’ आलं होतं.

आप्पांची ओळ थोड्या वेळाने आली. ‘बास.’ मग मी एक, दोन, तीन म्हटलं. धडाधड. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

दुकान बंद करताना ऋजुता म्हणाली, “बाबा असते ना काका, तर त्यांनीही विचारलंच असतं.” मग कुलूप ओढून बघत म्हणाली, “म्हणून तर त्यांचं दुकान कधी चाललं नाही.”

सोमवारी मी आप्पांकडे गेलो नाही. जायचं मनात होतं, पण पाय निघेना. मंगळवारी सकाळी त्यांचाच फोन आला. “साडेनवाची गाडी हाय. पोरगा म्हनतोय मोटारीनं जाऊ, पन मला एष्टीनंच जायाचंय. येतोस न्हवं कंट्रोलर?”

मी गेलो. स्टँडवर आता गाड्या टेपवर पुकारतात, एका बाईचा गोड आवाज आहे. मुलगा तिकिटांचं बघायला गेला होता. आप्पा बाकावर बसले होते आणि मांडीवर पंच्यात बांधलेली पेटी होती.

“आप्पा, चुकलं माझं,” मी म्हणालो. “विचारायला नको होतं.”

“तुजं काय चुकलं? माजं चुकलं. चाळीस वरसं हळदीच्या सौद्यात काडली मी. ह्योच माल पायजे म्हनून कुनी बोलला की दर चढलाच म्हनून समज. मलाच न्हाई का कळाय पायजे हुतं? पन मला वाटलं, ह्यो बाजार न्हवं. आपलं मंडळ हाय, म्हनलं.” ते थोडं हसले. “तू इचारलास, त्येच लई झालं. माज्यासाठी त्या पोरीचा राग घेतलास.”

मी फलाटाची पाटी वाचत बसलो.

“घसा लई बसला हुता तुजा,” आप्पा म्हणाले. “पानी प्यालास, बरं केलंस.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पंच्याची गाठ सोडत होते. गाठ घट्ट बसली होती, पिवळ्या नखांनी ती सुटता सुटत नव्हती. मदत करायला माझा हात पुढे होईना.

पेटी उघडली. आप्पांनी पहिल्या घरातला रुपया नखाने उचलला. १९११ चा. या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि मोठा गदारोळ झाला, म्हणून पुढच्या सालापासून तो सुधारून काढला. हा रुपया मी चांगला ओळखत होतो. बारा वर्षांपूर्वी मीच तो पुकारला होता. वाचनालयाच्या खोलीत, नऊशे रुपयांना, एक, दोन, तीन म्हणून आप्पांच्या हातात दिला होता.

“वैनींनी सांगितलं मला शनवारी,” आप्पा म्हणाले. “तू चश्मा आनाय आत गेलास तवा. म्हनल्या, ह्येंचीबी अशीच पेटी हाय कपाटात. हेच रुपय. अकरा भरल्यात आनि पैलं घर मोकळं. खरं न्हवं?”

“खरं.”

“बारा वरसांत बोलला न्हाईस त्ये.”

“पुकारणाऱ्याने बोलायचं नसतं आप्पा.”

“व्हय. आनि आमीबी कवा इचारलं न्हाई. तू सगळ्यांना इचारत बसलास, कुनाचं शेवटचं घर, कुनाचं शेवटचं घर. तुला कुनी इचारलं?” त्यांनी तो रुपया माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली. “कंट्रोलर, तुजं शेवटचं घर कंचं?”

“आप्पा, नको. तुमची पेटी…”

“माजी तशीबी भरली न्हाईच. एक मोकळं काय आनि दोन काय. निदान दोगांतल्या एकाची तरी भरू दे.”

आता लिहिताना लपवून काय करू? तो पाण्याचा घोट घशासाठी नव्हता. घसा साडेअकरापासूनच बसला होता आणि तेव्हा मला पाणी आठवलं नव्हतं. पंधरा हजार दोन म्हटलं आणि माझ्या मनात आलं, याचीही भरणार. बारा वर्षांपूर्वी माझ्या तोंडासमोरून पहिलं घर उचलून नेलं आणि आता माझ्याच तोंडाने बारावं घेऊन जाणार. आजवर दुसऱ्यांच्याच पेट्या भरत आलो मी. याला एकदा अर्धवट राहू दे. इतकंच आलं मनात. ते मनात यायला आणि पेल्यापर्यंत हात जायला वेळ लागला नाही.

हे आप्पांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात वरच्या भोंग्यातून ती बाई बोलायला लागली. गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात. मुलगा पळत आला. आप्पांनी पेटी मिटली, पंच्यात गुंडाळली, काठी घेतली आणि उठले.

“पेढं वाट,” खिडकीतून ते म्हणाले. “रीत हाय आपली. आनि माज्या वाटनीचा एक तू खा.”

गाडी गेली. मी मूठ उघडलीही नाही, तसाच चालत घरी आलो. शालनने पेटी काढून दिली, मी रुपया पहिल्या घरात बसवला. चपखल बसला. ती म्हणाली, “भरली की हो शेवटी!” आणि तिला इतका आनंद झाला की मी आत जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या रविवारी मी ऋजुताकडे गेलो नाही, त्यानंतरही नाही. घशाचं कारण सांगितलं. तिला ते खरं वाटलं. आता तिथं दुसरा कुणी पुकारतो, आवाज बरा आहे त्याचा, पण फार घाई करतो.

आप्पा दोन वर्षांनी तिकडे बेंगलोरलाच वारले. मुलाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, शेवटपर्यंत पेटी उशाशी होती, दोन घरं मोकळी होती, ती मात्र कधी भरून घेतली नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचे, एक सुटलं आणि एक दिलं.

पेटी माझ्या कपाटात आहे. बाराच्या बारा घरं भरलेली. पेढे मी अजून वाटलेले नाहीत.